भाव बाहेरचा, साठा घरचा

वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरणारी आहेत. धंदा बसला तर त्याचे कारण धंद्याच्या आत शोधावे की बाहेर, हा तो प्रश्न. विदर्भातल्या खेड्यांतून आणि तालुक्याच्या गावांतून आलेली ही पत्रे वाचताना दोन टोके दिसली. काहींच्या लेखी सगळा दोष सरकारचा, पावसाचा आणि बाजाराचा आहे. काहींनी तो सगळाच्या सगळा स्वतःच्या माथी घेतला आहे. तीस वर्षे लहान उद्योगांचे हिशेब तपासण्यात गेल्यामुळे मला या दोन्ही टोकांची काळजी वाटते. पहिल्या टोकावरचा माणूस पुढच्या वर्षी तीच चूक करतो आणि दुसऱ्या टोकावरचा माणूस खचून जातो. ज्या पत्रांत प्रश्न नेमका आहे आणि शक्यतो आकडेही दिलेले आहेत, अशी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. व्यवसायावर परिणाम करणारे अंतर्गत व बाह्य घटक असा धडा आम्हाला आहे. व्याख्या पाठ झाल्या, परंतु गावातल्या एखाद्या धंद्याकडे पाहून कोणता घटक आतला आणि कोणता बाहेरचा, हे ठरवताना माझा गोंधळ उडतो.
— एक विद्यार्थिनी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : पुस्तकातली विभागणी सोपी आहे. मालकाचे भांडवल, कामावरची माणसे व त्यांचे कसब, यंत्रे, हिशेबाची पद्धत, मालाचा दर्जा आणि निर्णय घेण्याची रीत हे अंतर्गत घटक होत. ग्राहक, माल पुरवणारे, स्पर्धक, अडते आणि कर्ज देणारे हे जवळचे बाह्य घटक. तर हवामान, सरकारी धोरण, कायदे, कर, तंत्रज्ञान, लोकांच्या चालीरीती आणि परदेशातल्या घडामोडी हे दूरचे बाह्य घटक. परीक्षेपुरते एवढे पुरेल.

मात्र तुमच्या तालुक्यात कापूस पिकतो, तेव्हा हंगामात एक दिवस एखाद्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुई काढणाऱ्या कारखान्याच्या, आवारात काढावा असे मी सुचवीन. परतीच्या पावसाने कापूस भिजला, हा बाह्य घटक. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करताना ८ टक्क्यांपर्यंतची ओल पूर्ण भावाने स्वीकारते, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात करते आणि त्याहून ओला कापूस घेत नाही, हा नियमही बाहेरचाच. परंतु आवारात आलेला कापूस पसरून वाळवला जातो की तसाच गंजीला लावला जातो, पहिल्या वेचणीचा पांढरा कापूस आणि शेवटची कवडी वेगळी ठेवली जाते की एकत्र होते, यंत्राची पाती वेळेवर बदलली जातात की नाही, हे सारे आतले. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते आणि उरलेली बहुतेक सरकी असते. या दोन-तीन किलोंच्या फरकात जिनिंगवाल्याच्या वर्षाचा नफा किंवा तोटा असतो.

आता एक पायरी पुढे जा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला आणि नंतर, १९ ऑगस्ट २०२५ पासून, केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढून टाकले. ती सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. सूतगिरण्यांना परदेशी रुई स्वस्त पडू लागली की खुल्या बाजारातला भाव दबतो, शेतकरी महामंडळाच्या केंद्राकडे वळतो आणि स्वतःच्या पैशाने कापूस घेणाऱ्या जिनिंगला परवडेल असा माल मिळेनासा होतो. ज्याने महामंडळाशी मजुरीवर रुई काढून देण्याचा करार केला असेल, त्याची यंत्रे मात्र चालू राहतात. धोरण एकच, गाव एकच, आणि दोन जिनिंगचे दोन निकाल. तुमचा गोंधळ होतो तो इथे, आणि तो रास्त आहे, कारण मूळ बाहेर असले तरी परिणामाचा आकार पुष्कळदा आत ठरतो. घरातल्या ज्येष्ठांना एकाधिकार खरेदीबद्दलही जरूर विचारावे. महाराष्ट्रात १९७२ पासून जवळजवळ तीन दशके शेतकऱ्याचा कापूस खाजगी व्यापाऱ्याने विकत घेण्यावर बंदी होती. एका कायद्याने एका पिकाचा सारा व्यापार कसा बदलतो, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याकडे नाही.

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी मी मिनी दालमिल टाकली. वर्षाला सुमारे ५०० क्विंटल तूर विकत घेऊन डाळ करतो आणि हंगामात कास्तकारांची तूर मजुरीवर भरडून देतो. तूर आणखी चढेल या अंदाजाने जुलै २०२४ मध्ये बँकेच्या कॅश क्रेडिटमधून (खेळत्या भांडवलाचे कर्ज, व्याज ११ टक्के) १०,९०० रुपये क्विंटलने ९० क्विंटल तूर भरून ठेवली. जानेवारी २०२५ मध्ये ती ७,४०० चा भाव धरून काढावी लागली. वर्षअखेर ४ लाख १० हजारांचा तोटा दिसतो आहे. सरकारने बाहेरची तूर आणून आम्हाला मारले, असे माझे म्हणणे. हिशेब तपासणारे म्हणतात की चूक तुमची. डाळ मला क्विंटलमागे ६८ किलो सुटते, ठोक भाव ११० रुपये मिळाला, चुनी (डाळ करताना निघणारा चुरा) २५ रुपयांनी गेली. विजेचे बिलही फार येते. खरे कारण कोणते?
— एक दालमिल चालक, ता. बार्शीटाकळी, जि. अकोला

उत्तर : आपण आकडे लिहून पाठवलेत याबद्दल मनापासून आभार. आकड्यांशिवाय या प्रश्नाचे उत्तर म्हणजे केवळ वाद होतो.

प्रथम तोट्याची फोड करू. क्विंटलमागे ३,५०० रुपयांची घसरण आणि साठा ९० क्विंटल, म्हणजे ३ लाख १५ हजार रुपये भावात गेले. साठ्यात गुंतलेल्या ९ लाख ८१ हजारांवर सहा महिन्यांचे व्याज सुमारे ५४ हजार. उरले ४१ हजार, त्यांचे कारण नेहमीच्या कामकाजात शोधावे लागेल. म्हणजे दर दहा रुपयांच्या तोट्यापैकी नऊ रुपये त्या एका जुलैच्या खरेदीचे आहेत.

ती घसरण बाहेरून आली, यात शंका नाही. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, पीक घटले आणि तुरीचे भाव चढले. शहरातल्या ग्राहकाला डाळ महाग होऊ नये म्हणून केंद्र सरकारने तुरीची शुल्कमुक्त आयात चालू ठेवली. म्यानमार, मोझांबिक, टांझानिया या देशांची तूर बंदरांवर उतरत राहिली. डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणाही शुल्काविना येऊ दिला गेला आणि स्वस्त वाटाण्याचा दाब सगळ्याच डाळींच्या बाजारावर पडला. पुढे २०२४ चा पावसाळा सरासरीच्या १०८ टक्के झाला, पेरा वाढला, नवे पीक बाजारात येताच भाव कोसळला. २०२४-२५ साठी तुरीचा हमीभाव ७,५५० रुपये जाहीर झालेला असताना आपल्याला ७,४०० चा भाव धरावा लागला, हे ध्यानात घेतले तर आपला संताप मी समजू शकतो. एका हाताने हमीभाव जाहीर करायचा आणि दुसऱ्या हाताने आयातीचे दार सताड उघडे ठेवायचे, हे धोरण मला स्वतःला अन्यायाचे वाटते. त्याचा फटका आधी शेतकऱ्याला बसतो आणि त्याच्या पाठोपाठ खेड्यातल्या दालमिलला बसतो. या विषयावर दालमिलवाल्यांनी संघटितपणे बोलले पाहिजे; एकट्याच्या तक्रारीची दखल घेतली जात नाही.

तथापि आपले हिशेब तपासणाऱ्यांचे म्हणणेही मी बाजूला सारणार नाही. आपण तूर भरली ती जुलै २०२४ मध्ये. त्याआधी काय काय जाहीर झालेले होते, ते पाहा. शुल्कमुक्त आयातीला ३१ मार्च २०२५ पर्यंत मुदतवाढ दिल्याचे डिसेंबर २०२३ मध्येच प्रसिद्ध झाले होते. हवामान खात्याने एप्रिलमध्ये सरासरीपेक्षा अधिक पावसाचा अंदाज दिला होता. २१ जून २०२४ रोजी तूर व हरभऱ्यावर ३० सप्टेंबरपर्यंतची साठामर्यादा लागू झाली होती. सरकार साठ्यावर मर्यादा घालते, तेव्हा भाव खाली आणण्याचा आपला इरादाच ते उघड करत असते. भाव आपल्या हाती नव्हता. पण त्याच्या दिशेची ही तिन्ही चिन्हे वर्तमानपत्रांत छापून आलेली होती. बाह्य घटक म्हणजे अनपेक्षित घटक, असे आपण नकळत धरून चालतो. माझ्या अनुभवात लहान धंद्याला बुडवणाऱ्या बाहेरच्या गोष्टींपैकी बऱ्याच गोष्टी आधी कळलेल्या असतात, परंतु त्या वाचून खरेदीच्या निर्णयात धरण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नसते. ते काम दालमिलमध्ये मालकाचे आहे आणि तेवढ्यापुरता दोष आतला आहे.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. वर्षाला ५०० क्विंटल म्हणजे आठवड्याला सुमारे १० क्विंटल. ९० क्विंटल तूर ही आपल्या नऊ आठवड्यांच्या कामाची होती. आपण ती सहा महिने धरून ठेवलीत. इथे डाळ करण्याचा धंदा संपला आणि भावावर पैसे लावण्याचा धंदा सुरू झाला, तोही बँकेच्या पैशाने. साठवणूक करून नफा मिळवणारे व्यापारी अकोल्याच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, परंतु त्यांच्यापाशी तोटा सोसण्याएवढे स्वतःचे भांडवल असते आणि एका शेतमालातले नुकसान दुसऱ्यात भरून काढण्याची सोय असते. मिनी दालमिलजवळ यांपैकी काहीच नसते. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की, चार ते पाच आठवड्यांत भरडून विकता येईल त्याहून अधिक तूर उधारीच्या पैशाने कधीही भरू नये, आणि जी भरली तिची डाळ त्याच महिन्यात बाजाराला जावी. महाग घेतलेल्या तुरीची डाळ महाग विकली गेली तर हाती मजुरी उरते; महाग तुरीची डाळ पडत्या बाजारात गेली तर भांडवलच जाते.

मजुरीवरच्या भरडाईचा उल्लेख आपण ओघात केलात, पण मला ती या सगळ्यावरचा सर्वांत मोठा आधार वाटते. शेतकऱ्याची तूर भरडून देताना तूर त्याची, डाळ त्याची आणि भावाची जोखीमही त्याची. आपल्याला ठरलेली मजुरी मिळते. बाजार चढो वा पडो, घरी खायला डाळ लागतेच. पुढील दोन वर्षे आजूबाजूच्या आठ-दहा गावांतून भरडाईचे काम वाढवण्यावर भर द्यावा, एखाद्या बचत गटाशी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीशी हंगामाचा लेखी ठराव करावा आणि स्वतःची खरेदी तेवढ्या प्रमाणात कमी करावी.

आता ज्या तोट्याविषयी आपण विचारलेच नाही, त्याविषयी. क्विंटलमागे ६८ किलो डाळ सुटते, असे आपण लिहिता. चांगल्या तुरीची नीट प्रक्रिया केल्यास मिनी दालमिलवर साधारण ७० ते ७५ किलो डाळ मिळते. आपण ७२ किलो धरू. चार किलोंचा फरक, वर्षाला ५०० क्विंटल, म्हणजे २,००० किलो डाळ आपल्याकडे डाळ न राहता चुनी-कोंड्यात जाते. डाळ ११० रुपये आणि चुनी २५ रुपये, म्हणजे किलोमागे ८५ रुपयांचे नुकसान. वर्षाचे १ लाख ७० हजार. जुलैच्या खरेदीचा फटका एकदा बसला. हा दरवर्षी बसतो आहे, आणि पाच वर्षांत तो कुठल्याही वहीत नोंदला गेलेला नाही, कारण जो माल तयारच झाला नाही त्याची नोंद कोणी करत नाही.

यामागची कारणे आवारातच सापडतील. तूर चाळून लहान-मोठा दाणा वेगळा केला नाही, तर रोलरवर मोठा दाणा फुटतो आणि लहान दाणा न सोलता निघून जातो. तेलपाणी लावल्यानंतर पुरेसे वाळवण झाले नाही, तर साल सुटत नाही, माल पुन्हा पुन्हा रोलरवर घालावा लागतो आणि दर फेरीला डाळीची कड झिजून भुकटी होते. रोलरचा घासणारा थर गुळगुळीत झाला असेल तर वेगळेच. पावसाळ्यात ऊन नसते, हा बाहेरचा घटक खरा. परंतु सिमेंटचे खळे, ताडपत्री आणि हवेशीर छप्पर आपल्या हातचे आहे. एकाच शेतातली दोन पोती घेऊन एक चाळून, नीट वाळवून, आणि दुसरे आजच्या पद्धतीने भरडून पाहावे, दोन्हींची डाळ, चुनी आणि भुकटी वजन करून लिहून ठेवावी. मिनी दालमिलचे ‘पीकेव्ही’ हे यंत्र अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानेच विकसित केलेले आहे आणि ते विद्यापीठ आपल्यापासून दूर नाही. ही नोंद घेऊन तेथील तज्ज्ञांना दाखवावी.

विजेविषयी थोडक्यात : दर ठरवणे आपल्या हाती नाही, पण बिलावर पॉवर फॅक्टरचा, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी किती प्रत्यक्ष कामी आली याचा, आकडा पाहावा. तो कमी असल्यास जादा आकार लागू शकतो आणि मोटरला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवून तो सुधारता येतो. परवानाधारक वायरमनकडूनच हे काम करून घ्यावे.

प्रश्न : माझ्या यजमानांचे चौदा वर्षांचे कापड दुकान यंदा बंद करावे लागले. दिवाळीच्या पंधरवड्याची विक्री २०२२ मध्ये ३ लाख २० हजार होती, २०२३ मध्ये २ लाख ६० हजार आणि २०२४ मध्ये दीड लाख झाली. आमच्या ओळीत पाच कापड दुकाने होती, त्यांतील आणखी दोन बंद पडली. गावात आमची २ लाख ८० हजार उधारी आहे. यजमान कोणाशी बोलत नाहीत. माझ्यातच काही नव्हते, एवढेच म्हणतात. खरोखर त्यांची चूक होती का?
— एक गृहिणी, ता. दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आपल्या पत्राचे उत्तर पत्रातच आहे, आणि ते आपण यजमानांना वाचून दाखवावे अशी माझी विनंती आहे. पाचांपैकी तीन दुकाने एकाच काळात बंद पडली. एका माणसात काही कमी असते, तर एक दुकान बंद पडले असते. ओळच्या ओळ बसते तेव्हा कारण ओळीच्या बाहेर असते.

ते कारण कोणते, तेही पाहू. आपल्या भागातील शेतकऱ्याची दिवाळी सोयाबीनच्या पैशावर होते, कारण दिवाळीआधी हाती येणारे पीक तेच. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजार समित्यांत कित्येक आठवडे भाव ४,००० ते ४,२०० च्या आसपास राहिला. चार एकरांत वीस क्विंटल सोयाबीन झालेल्या घराचा विचार करा. हमीभावाशी तुलना केली तर त्याचे चौदा ते अठरा हजार रुपये कमी आले. बियाण्याचे, खताचे, फवारणीचे आणि मळणीचे पैसे त्याने दिलेच असतील, कारण ते टाळता येत नाहीत. टाळता येतात ते कपडे. त्या घराच्या वाट्याचे जे पैसे आपल्या दुकानात यायचे, ते बाजार समितीच्या आवारातच राहिले. यावर यजमानांनी दुकानात काय करायला हवे होते? फार थोडे करता आले असते. रस्ते सुधारल्यामुळे लग्नाचा बस्ता मोठ्या शहरात बांधण्याकडे वाढलेला कल आणि मोबाइलवरून होणारी खरेदी, हीदेखील त्यांच्या हाताबाहेरची कारणे आहेत.

आतला भाग एकच दिसतो आणि तो उधारीचा आहे. खेड्यात कापडाची उधारी नाकारणे किती अवघड असते, हे मला ठाऊक आहे. लग्नाचे लुगडे मागायला आलेल्या शेजाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवता येत नाही. म्हणून याला मी चूक म्हणणार नाही, परंतु ते पैसे आता परत आणता येतील. विकलेल्या मालाच्या रकमेसाठी दावा करण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते आणि मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने बाकी मान्य असल्याची लेखी सही दिली, तर त्या दिवसापासून ती नव्याने मोजली जाते. तेव्हा खातेवही घेऊन सर्वांत जुन्या बाकीपासून सुरुवात करावी, पैसे नसतील तर निदान तारखेसह सही घ्यावी आणि सोयाबीन-कापसाचे पैसे हाती येतात त्या महिन्यात हप्ते ठरवावेत. हे काम आपण दोघांनी मिळून केले तर अधिक बरे.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. यजमानांची झोप, जेवण, बोलणे कमी झाले असेल, जगण्याविषयी निराशेचे शब्द त्यांच्या तोंडी येत असतील, तर दुकानाचा विचार मागे ठेवावा. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि मराठीत बोलता येते. त्यांना एकटे सोडू नये, आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञांना भेटण्यात कोणताही कमीपणा मानू नये.

प्रश्न : माझे वेल्डिंग व फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरची ट्रॉली, वखर, शेडचे काम करतो. माझ्या एकूण कामापैकी निम्म्याहून अधिक काम एका मोठ्या खरेदीदाराचे असते. त्याच्याकडे ३ लाख ६० हजार रुपये आठ महिन्यांपासून अडकले आहेत. मध्यंतरी लोखंड महागल्याने दिलेल्या भावात काम परवडलेही नाही. मी काय करावे?
— एक वर्कशॉप चालक, ता. चिखली, जि. बुलढाणा

उत्तर : पैसे थकवणारा खरेदीदार हा बाह्य घटक असला तरी त्याच्याविरुद्ध कायदा आपल्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने लेखी करारात ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. करारच नसेल तर १५ दिवसांत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. थकबाकीचा दावा शासकीय संकेतस्थळावरून सुलभीकरण परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, दाखल करता येतो. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकराची तरतूद अशी आहे की, मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मागता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मागता येतो. नुसत्या विनंतीपेक्षा या तरतुदीची लेखी आठवण अनेकदा लवकर काम करते.

यासाठी आपली उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून केंद्र सरकारकडील नोंदणी, हवी. ती विनामूल्य होते. पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला देऊ नयेत. माल देण्यापूर्वीच नोंदणी झालेली असणे हिताचे असते, कारण नंतर केलेल्या नोंदणीच्या आधारे जुन्या बिलांवर हक्क सांगताना अडचण येते. आपली नोंदणी त्या कामाआधीची असेल तर दाव्याला उशीर करू नये. ती नसेल तर वकिलामार्फत नोटीस द्यावी आणि आजच नोंदणी करून घ्यावी.

परंतु परिषद आपल्याला जुने पैसे मिळवून देईल; नवे पैसे अडकू न देणे हे वर्कशॉपमध्येच ठरणार आहे. एकाच खरेदीदारावर निम्म्याहून अधिक धंदा अवलंबून असणे, हा माझ्या मते आपल्या पत्रातला सर्वांत गंभीर भाग आहे, थकबाकीपेक्षाही. अशा खरेदीदाराला नाही म्हणता येत नाही आणि त्याला ते माहीत असते. गावोगावच्या शेतकऱ्यांची लहान कामे किरकोळ वाटली तरी त्यांचे पैसे ट्रॉली दारातून हलण्यापूर्वी मिळतात. प्रत्येक कामाचा लेखी आदेश घ्यावा, माल पोचल्याची सही डिलिव्हरी चलनावर घ्यावी, लोखंडाच्या किमतीइतकी रक्कम आगाऊ घ्यावी, आणि अंदाजपत्रकावर ‘हा भाव १५ दिवसांसाठी’ असे ठळक छापून घ्यावे. लोखंडाचा भाव कोणालाही थोपवता येत नाही, पण तो चढल्यास भार कोणी उचलायचा, हे त्या एका ओळीने ठरते.

प्रश्न : आमचा बारा महिलांचा बचत गट मिरचीपूड आणि मुंगवड्या करतो. हंगामात चार क्विंटल मिरची दळून विकतो. ३५ टक्के अनुदान मिळते म्हणून सहा लाखांचे दळण व पॅकिंगचे यंत्र घ्यावे, असे आम्हाला सांगितले जात आहे. घ्यावे का?
— एक बचत गट, ता. भिवापूर, जि. नागपूर

उत्तर : आताच घेऊ नये, असे माझे मत आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आहे हे खरे. सहा लाखांवर ते २ लाख १० हजार होईल. पण अनुदान कर्जाशी जोडलेले असते आणि उरलेले जवळजवळ चार लाख रुपये, त्यावरच्या व्याजासह, यंत्राने कमवायचे आहेत. चार क्विंटल मिरची असे यंत्र चार-पाच दिवसांत दळून मोकळे होईल आणि उरलेले वर्ष झाकून ठेवावे लागेल. सरकार अनुदान देते, हा बाहेरचा घटक अनुकूल आहे. परंतु आपल्या गटाचे आजचे काम त्याला साजेसे झालेले नाही. याच योजनेतून बचत गटातील सदस्यांना खेळते भांडवल आणि लहान साधनांसाठी प्रत्येकी ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद आहे. तिची चौकशी कृषी कार्यालयात आधी करावी.

आपल्या हाती यंत्राहून मोलाची एक गोष्ट आहे. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, म्हणजे या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. ते नाव पिशवीवर लावायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागेल, आणि बाजारातून आणलेली परप्रांतीय मिरची त्यात मूठभरही मिसळता येणार नाही. त्यामुळे माल कमी पडला तर विक्री थांबवायची, भेसळ करायची नाही, असा ठराव बाराही जणींच्या सह्यांनिशी गटाच्या इतिवृत्तात आधी नोंदवावा.

या हंगामात मिरची भाड्याच्या चक्कीवरच दळावी आणि एका वहीत रोज चार आकडे लिहावेत : वाळलेली मिरची किती किलो दळायला दिली, पूड किती किलो आली, दळणावळ किती लागली आणि किती गिऱ्हाइके माल संपल्यामुळे परत गेली. चौथा आकडा सलग दोन महिने मोठा राहिला, तर मे महिन्यात मला पुन्हा पत्र लिहावे. यंत्र किती क्षमतेचे घ्यायचे ते त्या वहीवरून काढता येईल.